एम-१६ बनवणाऱ्या युजीन स्टोनरनेच पुढे पिस्टनवाली रायफल का बनवली?

१५ ऑक्टोबर २०२५. माओवाद्यांचा बडा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने गडचिरोलीत ६० साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. एकूण ५४ शस्त्रं जमा झाली. त्यात एके-४७ होत्या आणि इन्सासही होत्या.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या चकमकींच्या बातम्या तुम्ही वाचत आला असाल, तर तीन नावं तुम्हाला पाठ असतील. एके-४७, इन्सास आणि एसएलआर. कधी ती पोलिसांच्या हातात असतात, कधी पोलिसांकडून लुटून माओवाद्यांच्या हातात गेलेली असतात. या तिन्ही रायफली वेगवेगळ्या देशांत जन्मल्या, पण तिघींच्या पोटात एक गोष्ट सारखी आहे. ती म्हणजे पिस्टन.

आणि बीजीएमआय खेळणाऱ्यांना माहिती असलेली एम-१६? तिच्यात असा पिस्टनचा दांडा नाहीच. तिथे बंदुकीचा गॅस थेट आत सोडला जातो.

यातली कोणती पद्धत भारी, यावर जगभरात साठ वर्षं वाद चालू आहे. गंमत म्हणजे यातली गॅसवाली पद्धत ज्याने गाजवली, त्याच माणसाने नंतर पिस्टनच्या रायफलीही बनवल्या. त्याचं नाव युजीन स्टोनर. इंजिनिअरिंगची डिग्री नसलेला हा माणूस नेमका कोण होता, आणि त्याच्या रायफलीमुळे अमेरिकेच्या संसदेला चौकशी का बसवावी लागली, तेच आज सविस्तर बघू.

आधी सोप्या भाषेत मेकॅनिझम समजून घेऊ

गोळी सुटली की तिच्यामागे जळलेल्या दारूचा प्रचंड दाबाचा गॅस असतो. जुन्या रायफलीत हा गॅस नुसता बाहेर जायचा आणि पुढची गोळी भरायला जवानाला हाताने बोल्ट मागे ओढावा लागायचा. ऑटोमॅटिक रायफलीत बॅरलला एक बारीक भोक असतं. थोडा गॅस तिथून वळवला जातो आणि त्याच्याच जोरावर बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, स्प्रिंगने बोल्ट परत पुढे येतो आणि नवीन गोळी चेंबरमध्ये बसते.

फरक आहे तो हा गॅसचा धक्का बोल्टपर्यंत कसा पोहोचतो यात.

पहिला प्रकार पिस्टनचा, म्हणजे आपल्या मराठीत दट्ट्याचा. गॅस एका दांड्याला ढकलतो आणि दांडा बोल्टला ढकलतो. यातही दोन जाती आहेत. एके-४७ आणि इन्सासमध्ये दांडा बोल्ट कॅरिअरला जोडलेलाच असतो आणि त्याच्यासोबत पूर्ण मागेपुढे जातो. सायकलच्या पंपाचा दांडा कसा मुठीसोबतच हलतो, तसंच. एसएलआरमध्ये दांडा वेगळा असतो. तो थोडंसं अंतर जातो, टिचकी मारतो आणि परत येतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीला लागतो आणि पुढे सोंगटी एकटी जाते, तसा हा प्रकार.

दुसरा प्रकार डायरेक्ट इम्पिंजमेंट. इथे दांडा नाही. एक बारीक नळी गॅस थेट मागे बोल्टच्या घरापर्यंत आणते आणि गॅसच बोल्ट कॅरिअरला मागे ढकलतो.

दांडा नसल्याने रायफल हलकी होते. हलणारे भाग बॅरलच्या सरळ रेषेत राहतात, त्यामुळे झाडताना नळीचं तोंड कमी उचलतं आणि नेम धरायला मदत होते. पण गॅससोबत उष्णता आणि काजळीही आत येते. चूल ओसरीवर असेल तर धूर बाहेर राहतो, स्वयंपाकघरात असेल तर भिंती काळ्या होतात. पिस्टनची रायफल म्हणजे ओसरीवरची चूल. ती वजनाला जड, पण तिची बरीचशी काजळी पुढेच राहते.

आता येऊ स्टोनरकडे.

विमानाच्या कारखान्यातला पोरगा

युजीन स्टोनरचा जन्म २२ नोव्हेंबर १९२२ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या गॉस्पोर्ट या छोट्या गावातला. शिक्षण झालं कॅलिफोर्नियात, लाँग बीच पॉलिटेक्निक हायस्कूलमध्ये. शाळेनंतर कॉलेजात न जाता तो थेट वेगा एअरक्राफ्ट कंपनीत कामाला लागला. तिथे त्याचं काम होतं विमानांवर शस्त्रं बसवण्याचं.

तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं. स्टोनर मरीन कोअरमध्ये भरती झाला आणि त्याला विमानांच्या शस्त्रविभागात टाकलं गेलं. दक्षिण पॅसिफिक आणि उत्तर चीनमध्ये त्याने मोठ्या कॅलिबरच्या ऑटोमॅटिक गन्स खोलल्या, दुरुस्त केल्या, परत जोडल्या. बंदुकीचं शास्त्र तो असा हाताने शिकला.

युद्धानंतर तो विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मशीन शॉपमध्ये लागला आणि तिथून वर चढत डिझाईन इंजिनिअर झाला. विमान बनवणाऱ्यांना एकच ध्यास असतो, तो म्हणजे वजन कमी करण्याचा. लाकूड आणि पोलाद सोडून ॲल्युमिनियम वापरायचं, प्लॅस्टिक वापरायचं. ही सवय स्टोनरच्या अंगात भिनली आणि पुढे तीच त्याच्या रायफलीत उतरली.

१९५४ मध्ये तो आर्मलाईट नावाच्या छोट्या कंपनीत चीफ इंजिनिअर झाला. ही कंपनी फेअरचाईल्ड या विमान कंपनीचीच शाखा होती आणि तिचं वर्कशॉप होतं चक्क हॉलिवूडमध्ये.

एआर-१० आणि फुटलेली बॅरल

त्या काळात अमेरिकन सैन्य नव्या रायफलीच्या शोधात होतं. समोर दोन उमेदवार होते. एक अमेरिकेची स्वतःची, जी पुढे एम-१४ झाली. दुसरी बेल्जियमची एफएन एफएएल, म्हणजे ज्या रायफलीवरून आपली एसएलआर आली ती.

या शर्यतीत स्टोनर उशिरा उतरला, एआर-१० घेऊन. ॲल्युमिनियमची बॉडी, प्लॅस्टिकचा दस्ता आणि आत त्याने स्वतः आखलेली गॅसची रचना.

गॅस थेट मागे आणण्याची कल्पना तशी नवी नव्हती. स्वीडनची युंगमन आणि फ्रान्सची मास-४९ या रायफलीत ती आधीच होती. पण तिथे गॅस नळीतून येऊन बोल्ट कॅरिअरवर नुसता आदळायचा. स्टोनरने गॅस कॅरिअरच्या आत नेला आणि तिथे त्याला फुगायला जागा दिली. म्हणजे बोल्टच दट्ट्या झाला आणि कॅरिअर झाला त्याचा सिलिंडर. १९५६ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला आणि १९६० मध्ये पेटंट मिळालं. त्यात त्याने आपली रचना नेहमीच्या गॅस आदळण्याच्या पद्धतीहून वेगळी असल्याचं स्पष्ट मांडलं होतं. तरीही जगाने तिला डायरेक्ट इम्पिंजमेंट हेच नाव चिकटवलं.

चाचणीत एआर-१० च्या हलकेपणाने अनेकांना चकित केलं. पण कंपनीच्या प्रमुखाच्या हट्टामुळे एका नमुन्याला ॲल्युमिनियम आणि पोलादाची मिश्र बॅरल लावली होती. स्टोनरचा त्याला विरोध होता. कठोर चाचणीत नेमकी तीच बॅरल फुटली. १९५७ मध्ये सैन्याने एम-१४ निवडली आणि एआर-१० मागे पडली.

लहान गोळी, मोठा बदल

त्याच सुमारास जनरल विलार्ड वायमन यांनी आर्मलाईटला विचारलं की हीच रायफल लहान गोळीसाठी बनवता येईल का. गोळी लहान म्हणजे वजन कमी, वजन कमी म्हणजे जवान तेवढ्याच ओझ्यात जास्त गोळ्या नेऊ शकतो.

आर्मलाईटच्या जिम सलिव्हन आणि रॉबर्ट फ्रेमाँट यांनी स्टोनरच्या एआर-१० ला लहान केलं. तयार झाली एआर-१५. रिकामी असताना तिचं वजन तीन किलोच्या आत होतं. तिच्यासाठी घडवलेलं काडतूस पुढे ५.५६ मिलिमीटर म्हणून जगभर गेलं.

पण आर्मलाईटकडे पैसा नव्हता. १९५९ मध्ये कंपनीने एआर-१५ आणि एआर-१० चे हक्क कोल्ट कंपनीला विकून टाकले. १९६० मध्ये हवाई दलाचे जनरल कर्टिस लिमे यांनी एका कार्यक्रमात या रायफलीने कलिंगडं उडवली आणि ते तिच्यावर फिदा झाले. आधी हवाई दल आणि मग लष्कर, असं करत रायफल व्हिएतनामला पोहोचली. तिचं सरकारी नाव पडलं एम-१६.

व्हिएतनाममध्ये नेमकं काय बिघडलं?

व्हिएतनामच्या जंगलात एम-१६ अडकायला लागली. गोळी सुटायची, पण रिकामी पुंगळी चेंबरमध्येच रुतून बसायची. मग समोरून गोळीबार चालू असताना जवान बॅरलमध्ये पुढून सळई घालून पुंगळी ठोकून काढायचे. त्यासाठीची सळईही सगळ्यांकडे नव्हती. लढाईनंतर काही मृत जवानांच्या शेजारी अर्धवट खोललेल्या रायफली सापडल्या. जवानांनी घरी पत्रं लिहिली आणि ती पत्रं संसदेपर्यंत गेली.

१९६७ मध्ये खासदार रिचर्ड आयकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी सुरू केली. स्टोनरलाही साक्षीला बोलावलं गेलं. त्यातून जे बाहेर आलं, ते ऐकून लोकांचा संताप झाला.

पहिली गोष्ट म्हणजे दारू बदलली होती. स्टोनरने रायफल आखली होती एका प्रकारच्या दारूसाठी, पण सैन्याने गोळ्यांत दुसऱ्याच प्रकारची, बॉल पावडर नावाची दारू भरायला परवानगी दिली. तिची काजळी जास्त होती. शिवाय तिच्यामुळे रायफलीचा वेग वाढला, मिनिटाला हजार गोळ्यांच्या आसपास गेला. बोल्ट इतक्या घाईने मागे यायला लागला की चेंबरला घट्ट चिकटलेली पुंगळी सुटायला वेळच मिळेना. या बदलावर स्टोनरचं मत विचारलं गेलं ते निर्णय झाल्यावर. त्याने नापसंती सांगितली, पण तोवर उशीर झाला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत आतून गंज धरायचा आणि त्या खरखरीत पृष्ठभागाला पुंगळी चिकटायची. क्रोम केलं तर गंज धरत नाही, हे सैन्याला आधीपासून माहिती होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. या रायफलीला फारशी सफाई लागत नाही, असा समज जवानांमध्ये पसरला होता. साफसफाईचं सामान पुरेसं पाठवलंच नव्हतं. म्हणजे जी रायफल काजळी आतल्या आत घेते, तिलाच साफ करायला काही नाही.

ऑक्टोबर १९६७ मध्ये समितीचा अहवाल आला. त्यात लष्करी अधिकाऱ्यांवर अतिशय कडक शब्दांत ताशेरे होते. चेंबरला क्रोम लागलं, वेग कमी करायला मागचा बफर बदलला गेला आणि सफाईचं सामान पोहोचलं. जवानांना कंटाळा येऊ नये म्हणून विल आयस्नर या नामांकित चित्रकाराकडून कॉमिक्सच्या रूपात माहितीपुस्तिका करून घेतली गेली. एम-१६ ए१ या सुधारित रायफलीच्या तक्रारी झपाट्याने कमी झाल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या दुरुस्तीत स्टोनरची गॅसची पद्धत बदललीच नाही. ती होती तशीच राहिली, आणि एम-४ च्या रूपात पुढे अनेक दशकं अमेरिकन सैन्य तीच वापरत राहिलं. गॅसची पद्धत काजळी आत आणते हे खरंच. म्हणूनच तिला योग्य दारू, क्रोम आणि नियमित सफाई लागते. व्हिएतनाममध्ये या तिन्ही गोष्टी एकाच वेळी काढून घेतल्या गेल्या आणि त्याची किंमत जवानांनी मोजली.

मग पिस्टन कुठून आला?

हक्क विकल्यामुळे आर्मलाईटची पंचाईत झाली होती. स्वतःच्याच इंजिनिअरने काढलेली गॅसची रचना आता कोल्टची झाली होती. म्हणून स्टोनरने कंपनी सोडण्याआधी एआर-१६ नावाची वेगळी रायफल आखली. तिच्यात छोटा पिस्टन होता, टिचकी मारणारा, आणि बॉडी होती साध्या पत्र्याची, कमी यंत्रसामग्री असलेल्या देशांनाही बनवता येईल अशी. स्टोनर गेल्यावर आर्थर मिलरने तिला लहान करून एआर-१८ बनवली. ती स्वतः फार खपली नाही. पण तिच्या आतल्या रचनेचा प्रभाव ब्रिटनच्या एसए-८० आणि जर्मनीच्या जी-३६ या सैनिकी रायफलींवर दिसतो.

१९६१ मध्ये आर्मलाईट सोडल्यावर स्टोनरने कॅडिलॅक गेज कंपनीसाठी स्टोनर-६३ बनवली. भाग बदलले की तीच बंदूक रायफल व्हायची आणि तीच मशीनगन व्हायची. तिच्यात पूर्ण मागेपुढे जाणारा लांब पिस्टन होता, म्हणजे कलाश्निकोवच्या जातीचा. व्हिएतनाममध्ये नेव्ही सील्सनी ती वापरली.

थोडक्यात, थेट गॅस, छोटा पिस्टन आणि लांब पिस्टन या तिन्ही पद्धतींच्या रायफली एकाच माणसाने बनवल्या. जगभरात लोक ज्यावर हमरीतुमरीवर येतात, तो त्याच्यासाठी कामाप्रमाणे हत्यार निवडण्याचा प्रश्न होता. वजन आणि नेम महत्त्वाचा असेल तर गॅस. पत्र्याची स्वस्त रायफल हवी, देखभाल कमी होणार असेल, तर पिस्टन.

दोन शत्रू भेटले तेव्हा

मे १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले शस्त्रांचे अभ्यासक एडवर्ड इझेल यांनी एक भेट घडवून आणली. रशियाचा मिखाईल कलाश्निकोव आणि अमेरिकेचा युजीन स्टोनर. व्हिएतनाममध्ये ज्यांच्या रायफली एकमेकांवर रोखल्या गेल्या, ते दोघे एकत्र फिरले आणि त्यांनी एकमेकांच्या रायफली चालवून बघितल्या.

दोघांची सुरुवात बरीच सारखी होती. दोघांकडेही इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती. दोघेही महायुद्धातले साधे सैनिक. पण स्टोनरला आपल्या रायफलीची रॉयल्टी मिळाली आणि तो श्रीमंत झाला. कलाश्निकोवला सोव्हिएत व्यवस्थेत पदकं मिळाली, रॉयल्टी नाही.

आपल्या इन्सासमध्ये दोघेही आहेत

आता परत महाराष्ट्रात येऊ. गडचिरोलीत जी इन्सास दिसते, तिचं डिझाईन पुण्यात झालं आहे, पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत. तिच्या आतला लांब पिस्टन आणि फिरणारा बोल्ट कलाश्निकोवच्या घराण्यातला. पण तिची गोळी ५.५६ मिलिमीटरची, म्हणजे एआर-१५ सोबत जन्मलेल्या काडतुसाच्या घराण्यातली. हे काडतूस आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत बनतं.

इन्सासची गोष्टही काहीशी एम-१६ सारखीच झाली. १९९९ च्या कारगिल युद्धात थंडीने तिची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. पिस्टन चोख असला तरी मॅगझिन फुटली की रायफल थांबतेच.

आणि २०१९ मध्ये भारताने ७२,४०० सिग-७१६ रायफली मागवल्या. बाहेरून बघितलं तर ती थेट स्टोनरची एआर-१०.  बीजीएमआयमधली एम-४१६ सुद्धा ज्या जर्मन रायफलीवर बेतली आहे, तिची बॉडी स्टोनरची आणि आत पिस्टन आहे.

भामरागडसारख्या भागात हा फरक कागदावर राहत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. १९९० मध्ये उभं राहिलेलं सी-६० पथक असो की दुसरं कोणतं, चिखल, दमट हवा आणि ओले कपडे घेऊनच जंगलात फिरावं लागतं. अशा ठिकाणी पिस्टन जास्त सहन करतो, हे खरं. पण ओलं काडतूस आणि गंजलेला चेंबर त्यालाही सुटलेला नाही. तेल, फडकं आणि सळई दोन्ही पद्धतींना लागतेच.

शेवटची वर्षं

स्टोनर म्हातारपणीही थांबला नाही. १९९० मध्ये तो फ्लोरिडाच्या नाईट्स आर्मामेंट कंपनीत गेला आणि तिथे त्याने एसआर-२५ बनवली. म्हणजे ३५ वर्षांपूर्वी हरलेल्या एआर-१० चीच सुधारलेली आवृत्ती, परत थेट गॅसवाली. नेव्ही सील्सनी ती लांबच्या नेमासाठी स्वीकारली.

२४ एप्रिल १९९७ रोजी फ्लोरिडातल्या पाम सिटीत कॅन्सरने त्याचं निधन झालं. तो ७४ वर्षांचा होता.

त्यानंतर एआर-१५ च्या नागरी आवृत्त्या अमेरिकेतल्या अनेक सामूहिक गोळीबारांमध्ये वापरल्या गेल्या. २०१६ मध्ये त्याच्या कुटुंबीयांनी जाहीरपणे सांगितलं की ही रायफल त्याने सैनिकांसाठी बनवली होती आणि स्वतःच्या घरी त्याने ती कधी ठेवली नाही.

गॅस की पिस्टन, हा वाद इंटरनेटवर चालूच राहील. २०२२ मध्ये अमेरिकन लष्कराने एम-४ च्या जागी पिस्टनवाली रायफल निवडल्यावर त्याला नवा जोर चढला. पण स्टोनरच्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं उत्तर व्हिएतनाममध्येच मिळालं होतं. तिथे जवानांचा जीव गेला तो नळी की दांडा यामुळे नाही. न विचारता बदललेली दारू, वाचवलेलं क्रोम आणि न पाठवलेलं सफाईचं सामान, हे सगळं ऑफिसात बसलेल्या माणसांनी ठरवलं होतं.